मादिसेबोची मान

मादिसेबो माझी थोरली जाऊ. मापुत्सोए शहरातल्या कपडा-कारखान्यात आम्ही दोघी एकाच रांगेत बसतो. ती कॉलर लावते, मी बाह्या. मी तिच्या मागे बसते, त्यामुळे तिची मान मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक.

सासरे गेले तेव्हा सगळ्या घराची डोकी भादरली, तसं तिचंही भादरलं. आठवड्याभरात मानेवर, केस सुरू होतात तिथे, पुटकुळ्या उठल्या. मग त्यात पू. ती सुईने टोकरून केस बाहेर ओढायची, वर स्पिरिट चोळायची आणि दात आवळून शिवायला बसायची. पुटकुळ्या बसल्या, पण जागोजागी गाठी राहिल्या, भिजवलेल्या चवळीएवढ्या. कॉलर लावणाऱ्या बाईला स्वतःची कॉलर सोसवेना.

दवाखान्यातल्या नर्सने तिला चांगलंच झापलं. "आधी ती सुई फेक. केस कुरळा आहे तुझा. तासला की टोकदार होतो आणि वळून परत कातडीतच घुसतो. गरम ओल्या फडक्याने शेक, खाजवू नकोस, आणि पुन्हा म्हणून डोक्याला ब्लेड लावायचं नाही. कातरीने काप. मक्याच्या दाण्याएवढा केस राहू दे."

तिने ते अक्षर न अक्षर पाळलं. सूज उतरली. दोन गाठी मात्र कायमच्या राहिल्या.

गेल्या जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सासूबाई गेल्या. शेवटची दीड वर्षं त्यांना आंघोळ मादिसेबोनेच घातली होती. शनिवारी माती दिली आणि रविवारी उजाडताना आम्ही सगळे भादरायला अंगणात जमलो. पिंपातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा होता. वस्तरा धरायचा मान आत्याबाईंचा, म्हणजे सासऱ्यांच्या बहिणीचा. एक घमेलं, साबणाची एक वडी, एक ब्लेड. आधी लेफा, मादिसेबोचा नवरा. मग माझा नवरा. मग चुलत दीर. घमेल्यातलं पाणी गुलाबी दिसायला लागलं.

मादिसेबोची पाळी आली. तिने कातरी आणि नव्या ब्लेडचं पाकीट पुढे केलं. "आत्याबाई, माझे आणि माझ्या पोरीचे, दिसेबोचे, केस कातरीने कापा. बाकीच्यांना ब्लेडच लावायचं असेल तर हे घ्या, एकेकाला एकेक."

"का ग? घरच्या रक्ताची किळस येते तुला?"

"किळस नाही. माझी मान दाखवली होती मी तुम्हाला."

"पुरळ सगळ्यांनाच उठतं. मेलेल्या सासूसाठी चार दिवस खाजवता येत नाही होय? कारखान्यात कातरी धरायला शिकलीस, आता मला शिकव!"

दोघीतिघी हसल्या. लेफा बुटांकडे बघत उभा होता. आत्याबाईंनी अकरा वर्षांच्या दिसेबोला मानगुटीला धरून पुढे ओढलं. "आईचं राहू दे. ये ग कोकरा, तुझं आधी करू." आणि तिच्या डोक्यावर साबण फासला.

मादिसेबोने घमेलं उचललं आणि पालथं केलं. पाणी आत्याबाईंच्या पायांवरून वाहत गेलं. मग तिने डोक्याचा रुमाल ओढून काढला, आत्याबाईंची बोटं धरली आणि स्वतःच्या मानेवर दाबली.

"हाताला लागतंय? चार दिवसांचं आहे हे? चार वर्षं झाली! तुमच्या हातचं आहे. माझ्या पोरीच्या मानेवर मी हे होऊ देणार नाही."

आत्याबाईंनी हात हिसकला आणि घोंगडीला पुसला.

"आता कुणाला किळस आली?" मादिसेबो ओरडली.

"लेफा, आवर हिला!"

"मादिसेबो, आज नको ना," लेफा पुटपुटला.

"तू बोलूच नकोस! मागच्या वेळीही हेच म्हणालास. आज नको. मग कधी, मी मेल्यावर?"

ती पायरीवर बसली. पोरीच्या डोक्यावरचा साबण पुसला आणि तिचे केस कापले. मग स्वतःचे. मागचे कापता येईनात तेव्हा तिने कातरी माझ्यापुढे धरली. "मागचं तू काप."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. माझे हात मी घोंगडीतून बाहेर काढलेच नाहीत. मग मादिसेबोने स्वतःच चाचपडत कापले, वेडेवाकडे. नंतर मी निमूटपणे त्याच ब्लेडखाली मान वाकवली.

सगळ्यांचे केस एका गाठोड्यात बांधून कबरीपाशी पुरायची आमची रीत. "ते केस आमच्या गाठोड्यात नकोत," आत्याबाई म्हणाल्या. मादिसेबोने दोघींचे केस रुमालात बांधले, एकटी कबरीवर गेली आणि दगडाने गोठलेली माती उकरून पुरले. परत आली तेव्हा तिची नखं फुटली होती.

दहा दिवसांनी माझी मान पेटली. मी तिच्याकडे गेले. मी मानेवरचा रुमाल काढताच ती कडाडली. "आता आलीस? त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं?" पण पाणी तिनेच तापवलं. फडकं असं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं. कोरफडीचं पान चिरून गर लावला आणि म्हणाली, "खाजवलंस तर हात तोडीन." पंधरा दिवस रोज गेले. रोज शेक, रोज शिव्या. माझ्या गाठी झाल्या नाहीत. दिसेबोचं डोकं तर पहिल्यापासून स्वच्छच होतं.

सुतक फेडायचं निमंत्रण त्यांच्या घरी आलं ते फक्त लेफाला. तो म्हणाला, "जाऊन येतो, नाहीतर लोक बोलतील." ती म्हणाली, "जा." तो मेंढ्याचं मटण घेऊन परतला. तिने ते शेजारच्या कुत्र्यांपुढे टाकलं.

परवा जेवणाच्या सुट्टीत मी म्हटलं, "ताई, सोड ना आता राग."

"का सोडू? चुकलं म्हणून आलं का कुणी? तू तरी म्हणालीस?"

खरंच, इतक्या दिवसांत मी म्हटलंच नव्हतं. "चुकलं माझं, ताई," मी म्हटलं. "कातरी घ्यायला हवी होती मी."

भोंगा झाला. ती मशीनवर बसली, दोरा ओवला.

"ऐकलं," मागे न बघता ती म्हणाली. "पण राग आहे अजून."