मिठाला घाबरणारे स्वार

बोस्टनच्या विमानतळाबाहेर समीरदादा मला घ्यायला आला, तेव्हा त्याच्या अंगावर काळं चामड्याचं जॅकेट होतं आणि पाठीवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘जन्मतःच मुक्त’ असं भरतकाम केलेलं होतं. मार्च महिना होता. आपल्याकडे कलिंगडं येतात त्या दिवसांत इथे श्वास आत घेताना नाक टोचत होतं.

“मोटरसायकलवर नेणार मला?” मी घाबरून विचारलं.

“वेडी आहेस का क्रांती? मरायचंय?” दादा म्हणाला आणि मला एका ऐसपैस चारचाकीत बसवलं. तिची सीटसुद्धा खालून गरम होत होती. जन्मतःच मुक्त माणसाला बूड गार पडलेलं चालत नाही, ही अमेरिकेबद्दलची माझी पहिली नोंद.

दादा माझा मावसभाऊ. पुण्याचा इंजिनिअर, बोस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी नावाच्या गावात राहतो. मी आले होते ती कामगार चळवळीच्या जुन्या पत्रकांवरच्या परिषदेसाठी. एक पानभर छापील मजकूर वाचून माणसं कशी पेटून उठतात, हे मला तिथे सांगायचं होतं. मी ते सांगितलं. श्रोत्यांनी शांतपणे ऐकलं आणि सगळे उठून कॉफी प्यायला गेले.

त्या पहिल्या दिवशी श्रूजबरीच्या वाटेवर दादाने सांगितलं की त्याची नोकरी जानेवारीतच गेली. इथे नोकरी गेली की तिच्यावर बांधलेला व्हिसाही जातो. दुसरी शोधायला मिळालेली मुदत संपत आली होती. मंगळवारच्या विमानाने तो, गौरीवहिनी, त्यांची मुलगी रेवा आणि मी, सगळे एकत्रच परतणार होतो.

“आमच्या मोटरसायकल मंडळात कुणाला माहीत नाहीये. तूही बोलू नकोस,” तो म्हणाला.

“का लपवतोस? चोरी केलीस का?”

“रविवारी पाडव्याची राइड आहे. ती झाली की सांगतो. सोमवारी बाइक विकत घेणारा येतोय. एकदाच चालवायची आहे यार, नीट. बिचारा समीर म्हणून नाही.”

त्याचं कारण ऐका. ही मोटरसायकल त्याने गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात घेतली. कॉलेजपासूनचं स्वप्न. दुकानातून मंडळाच्या गॅरेजपर्यंत चालवली, दसऱ्याला तिची पूजा झाली, हार घातला आणि वर गोधडी टाकली. कारण मंडळाचा नियमच तसा आहे. दसऱ्याला गाड्या झोपवायच्या, पाडव्याला उठवायच्या. म्हणजे आयुष्यभराचं स्वप्न त्याने एकूण एका गल्लीपुरतं पाहिलं होतं.

रस्ता पांढरा दिसत होता. मला वाटलं बर्फ. दादा म्हणाला, मीठ. बर्फ वितळावा म्हणून इथले सरकारी ट्रक हिवाळाभर रस्त्यांवर मीठ फेकतात. ते मीठ गाडीच्या चकचकीत पत्र्याला खातं. म्हणून हे स्वार वसंतातल्या पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघतात. पावसाने मीठ धुतलं जाईल, मग बाहेर पडू. मिठासाठी ज्यांच्या पणजोबांनी लाठ्या खाल्ल्या, ते मिठाला भिऊन सहा महिने गॅरेजात बसतात. हे मी दादाला बोलून दाखवलं. तो म्हणाला, “हे रविवारी काकांसमोर बोलू नकोस.”

मी अर्थातच शनिवारी बोलले.

काका म्हणजे अभयकाका, मंडळाचे अध्यक्ष. वय साठीकडे झुकलेलं, मिशी पिळदार. त्यांच्या घराला तीन गाड्यांचं गॅरेज आहे आणि त्यात मंडळाच्या नऊ मोटरसायकली मावतात. चारचाकी बिचारी बाहेर बर्फात उभी असते. गॅरेजात हीटर होता, चहाचा थर्मास होता, चिवडा होता, आणि नऊ माणसं आपापल्या गोधडी पांघरलेल्या मोटरसायकलवर जॅकेटं घालून बसली होती. कुणी हँडल धरून चिवडा खात होता, कुणी वळणावर झुकावं तसा थर्माससाठी झुकत होता. नऊ माणसांच्या मंडळाला अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार, सांस्कृतिक प्रमुख आणि चौघांची सुरक्षा समिती. साधा सभासद एकच उरला होता, तो दादा.

“तुझं नाव क्रांती ना? मग कुडकुडतेस काय अशी?” काका म्हणाले. “ये, बस. मोटरसायकल म्हणजे काय सांगू तुला? खुला रस्ता. स्वातंत्र्य.”

“काका, रस्ता तिकडे आहे. तुमचं तोंड भिंतीकडे आहे.”

पाठोपाठ पणजोबांच्या लाठ्यांचंही सुनावलं. हशा पिकला. काका मात्र गंभीरपणे समजावू लागले. मीठ आहे. थंडीत टायर रस्ता धरत नाहीत. सकाळी नऊच्या आत इंजिन चालू केलं तर सोसायटीची (इथेही सोसायटी आहे, आणि पुण्याइतकीच खडूस आहे) तक्रार येते. शिवाय त्यांचं स्वतःचं ग्रीन कार्ड अजून रांगेत. त्या रांगेत उभे राहिले तेव्हा मुलगा पाळण्यात होता, आता कॉलेजात आहे. एखादा अपघात, एखादी पोलीस केस, आणि काय सांगावं? थोडक्यात, हे स्वातंत्र्य सर्वांची परवानगी घेऊन, हवामान बघून, जेवणाआधी परत येण्याच्या अटीवर होतं.

“आमच्या समीरला बघ,” मंदार म्हणाला. हा दादाचा जवळचा मित्र, नागपूरचा, सुरक्षा समितीवर. “बर्फ पडला की गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट साफ करायची पाळी असते आमची. जानेवारीपासून हा एकटा करतोय. मंगळवार असो, बुधवार असो, सकाळी दहाला फावडं घेऊन हजर. काय डेडिकेशन आहे यार!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नोकरदार इंजिनिअर भर मंगळवारी सकाळी दहाला दुसऱ्याच्या दारातला बर्फ कसा उपसतो, हा प्रश्न त्या खोलीतल्या एकाही पदाधिकाऱ्याला पडला नव्हता. दादा चहाच्या कपात बघत राहिला. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, ते मी चिवड्याबरोबर गिळलं.

त्याच दुपारी पुन्हा बर्फ पडला. मी दादाबरोबर फावडं घेतलं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी बरंच लिहिलं आहे. फावडं एकदा मारून बघितल्यावर त्यातले निदान चार परिच्छेद मागे घ्यावेत असं वाटलं. वरचा बर्फ कापसासारखा, खालचा ओल्या सिमेंटसारखा. घाम येतो आणि आल्याआल्या गार पडतो. शेजारचे आजोबा हाफ पँटमध्ये टपालपेटीपर्यंत आले.

“वसंत आलाच म्हणायचा!” ते हसून म्हणाले.

“कुठे आहे?” मी विचारलं.

त्यांनी उघड्या पायांकडे बोट दाखवलं आणि घरात गेले.

रविवारी पाडवा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं आणि थंडी शून्याच्या बरीच खाली. गॅरेजच्या दारात गुढी उभी होती. बांबू मिळाला नाही म्हणून पडद्याची दांडी, कडुनिंब मिळाला नाही म्हणून कुठल्याशा झुडपाची डहाळी. पण दादाने आदल्या दिवशी खरवडून कोरडी केलेली वाट काहीतरी वेगळीच चमकत होती.

मंदार पुरणपोळ्यांचा डबा घेऊन दोन पावलं पुढे गेला आणि दिसेनासा झाला. म्हणजे आडवा झाला. डबा त्याने छातीशी धरून वाचवला.

“जपून हो!” अभयकाकांच्या शैलाकाकू दारातून ओरडल्या. “पहाटे सडा घातलाय मी!”

वर्षाचा पहिला दिवस. दारात सडा नको? काकूंनी दोन बादल्या पाणी गॅरेजपासून रस्त्यापर्यंत हौसेने शिंपडलं होतं आणि ते शिंपडल्या जागी गोठलं होतं. ओल्या सड्यावरच काढल्याने बर्फाच्या त्या आरशात ‘शुभ पाडवा’ अशी रांगोळी अगदी स्पष्ट वाचता येत होती, संग्रहालयात काचेखाली ठेवल्यासारखी.

“बाबा, धिस इज लिटरली अ स्केटिंग रिंक,” रेवा म्हणाली.

सुरक्षा समितीची तातडीची बैठक उभ्याउभ्या झाली आणि एकमताने ठराव झाला: राइड पुढच्या रविवारी. सांस्कृतिक प्रमुख म्हणाले, गुढी तोवर ठेवू. मला राहवलं नाही. तिथेच बादली पालथी घालून मी तिच्यावर चढले आणि बोलले. भीतीबद्दल बोलले, पाठीवरच्या अक्षरांबद्दल बोलले, गोधडीखाली झोपलेल्या स्वातंत्र्याबद्दल बोलले. चांगलं बोलले. खजिनदार म्हणाले, “वा! गणपतीत हिचा एक कार्यक्रम ठेवू.” आणि सगळे पुरणपोळ्यांकडे वळले.

“पुढच्या रविवारी मी पुण्यात असेन,” दादा म्हणाला.

“अरे वा, सुट्टी?” काकांनी विचारलं.

“नाही काका. नोकरी गेली. जानेवारीतच. मंगळवारी निघतोय आम्ही.”

हातातल्या पोळ्या हातात राहिल्या. वहिनीने दादाच्या बाहीला धरलं. मंदारच्या तोंडून कसंबसं निघालं, “म्हणून तू सकाळी...” आणि तो थांबला. मग फार हळू म्हणाला, “माझीपण गेलीय. फेब्रुवारीत.”

“मग तू रोज डबा घेऊन कुठे जातोस रे?” काका जवळजवळ ओरडलेच.

“लायब्ररीत.”

अभयकाका आत गेले आणि मिठाची गोणी खांद्यावर घेऊन आले. ज्या माणसाने हिवाळाभर मऊ फडक्याने पत्रा पुसला, तो स्वतःच्या हाताने मुठी भरभरून मीठ फेकत सुटला, पेरणीला निघाल्यासारखा. बर्फ तडतडू लागला.

“अहो, माझी रांगोळी!” काकू म्हणाल्या.

“पुढच्या वर्षी काढ! मंदार, फावडं घे. तुम्ही काय बघताय? व्हिडिओ काढायला ठेवलंय का तुम्हाला?”

काही जण खरंच व्हिडिओ काढत होते. पण चौघांनी फावडी घेतली. वाट खारट चिखलाची झाली तेव्हा दादाने गोधडी काढली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. सोसायटीचे नऊ अजून वाजायचे होते. दादा निघाला, मागे मंदार, आणि त्यांच्या मागे, काकू मफलर घेऊन धावत असताना, अभयकाका. बाकीचे सहा जण सुरक्षिततेसाठी मागे थांबले.

तळ्याला वळसा घालून ते परतले तेव्हा गाड्या मिठाने पांढऱ्याफटक झाल्या होत्या. दादाच्या बोटांना हेल्मेटचा पट्टा सुटेना, तो वहिनीने सोडला.

“कशी झाली?” तिने विचारलं.

“काही कळलंच नाही. डोळ्यांतून पाणी, पुढे खड्डे, बोटं कुठे आहेत पत्ता नाही.” त्याचे दात वाजत होते. “बस मागे. परत जाऊ.”

वहिनीने दोन शाली गुंडाळल्या आणि बसली. या वेळी ते बराच वेळ आले नाहीत.

सोमवारी मोटरसायकल गेली. मंगळवारी दुपारी आम्ही विमानतळावर होतो. रेवा बॅगांवर झोपली होती. दादाने फोन माझ्यासमोर धरला. टायर, इंजिन ऑइल आणि सुविचार यांनी वाहणाऱ्या मंडळाच्या ग्रुपवर त्या सकाळी उपाध्यक्षांनी दोनच शब्द लिहिले होते, “माझीही गेलीय.” खाली खजिनदार, “पुढच्या महिन्यात जाणार आहे, सांगून टाकलंय ऑफिसने.” त्याखाली काका, “संध्याकाळी सगळे गॅरेजवर या. लपवाछपवी पुरे.”

पत्रकांनी माणसं उठतात यावर माझा अजूनही विश्वास आहे. फक्त ती नेहमी छापलेली नसतात, आणि नेहमी बादलीवर चढून वाचावी लागत नाहीत, एवढी दुरुस्ती मी परिषदेत वाचलेल्या निबंधात करणार आहे. विमानाने धावपट्टी धरली, हवाई सुंदरीने फोन बंद करायला सांगितलं. दादाने शेवटचं एकदा पडद्याकडे पाहिलं. सुरक्षा समितीतलं कुणीतरी टाइप करत होतं, थांबत होतं, पुन्हा टाइप करत होतं.