कळ ताईच्या हातात

आमच्या घरात देव्हारा नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच आठवड्यात घरातले देवांचे टाक नदीत सोडले, आणि तेव्हापासून अंगारा, उतारा, बाहेरची बाधा असलं काही आमच्याकडे चालत नाही. कोणी असलं सांगायला लागलं की मीच उलटे प्रश्न विचारून त्याला गप्प बसवायचो. त्यामुळे ही पोस्ट लिहिताना मला माझीच चीड येतेय. ज्यांना फेकाफेकी वाटेल त्यांनी बिनधास्त तसं म्हणावं — मी वाद घालणार नाही.

मी शेलूबाजारचा. वाशिम जिल्हा, मंगरूळपीर तालुका. हायवेवर जीपा थांबतात त्या चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर. आई लवकर गेली. मला वाढवलं ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या सुनंदाताईनं. तिनं लग्न केलं नाही. समोरच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ब्लाऊज शिवते. अख्ख्या बाजारात तिच्यासारखी बाही कोणी बसवत नाही — आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही.

मी निमलष्करी दलात लागलो आणि पोस्टिंग आली लडाखला. तिथं हिवाळ्यात दलांच्या आइस हॉकीच्या टीम असतात. आता आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीतला! एक दिवस कोच सरांनी विचारलं, “विकेटकीपिंग किसने की है?” मला वाटलं क्रिकेटची टीम करतायत. हात वर केला. तासाभरात मी गोठलेल्या तळ्यावर, पायांना गादीएवढे पॅड बांधून, धडाधड पडत होतो. “गोलकीपर को स्केटिंग कम आए तो भी चलता है,” सर म्हणाले. साफ खोटं होतं ते. पण झेलायची सवय होती, शिकलो... पुढची सहा वर्षं हिवाळ्यात तीच माझी ड्युटी झाली, पगार त्याचाच. उजव्या हातात काठी, डाव्या हातात झेलायचा जाड मोजा, आणि समोरून येते रबराची कडक चकती, पक म्हणतात तिला. मोज्यातूनसुद्धा तळहात शेकून काढते.

सहाव्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका गस्तीवर गाडीच्या चाकाला बर्फासाठी बांधलेली साखळी तुटली. ती बसवायला मी डावा हातमोजा काढला. वीस मिनिटं असेल. बोटं वाचली, पण तळहात बधिर झाला. डॉक्टरांनी सुई टोचली, मला कळलं नाही. “येईल हळूहळू,” म्हणाले. ते मी सरांना सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर टीममधून बाहेर.

आणि त्याच जानेवारीत मी आयुष्यातला सगळ्यात भारी खेळलो. पक दिसायच्या आधी मोजा तिथं असायचा. बंद व्हायचा. मला काहीच जाणवायचं नाही — ठोका नाही, कळ नाही. टाळ्या ऐकू यायच्या तेव्हा खाली बघायचो, तर पक मोज्यात. देशाच्या टीमसाठी माझं नाव चर्चेत आलं. खरं सांगतो, आनंदही झाला नाही. हातासारखंच सगळं सुन्न होतं.

मार्चमध्ये सुटीवर घरी आलो. सकाळी दहाची वेळ. मागच्या अंगणात भिंतीवर कॉर्कचा बॉल मारून डाव्या हातानं झेलत होतो. आत ताईची मशीन चालू होती. बॉल हातात आला — मशीन थांबली. परत सुरू झाली. परत झेलला — परत थांबली. मला गंमत वाटली, मग गंमत वाटेना. मी चार वेळा मुद्दाम जोरात मारला. चारही वेळा मशीन थांबली, आणि चौथ्या वेळी आतून कात्री पडल्याचा आवाज आला. त्या चार वेळांची मला अजून लाज वाटते.

आत गेलो. ताई डावा हात मांडीत दाबून बसली होती.

“हात दाखव.”

“काई नाई रे. सुई लागली.”

“ताई, दाखव म्हटलं ना!”

तळहात अंगठ्याखाली काळानिळा होता. जुने पिवळे डाग, त्यावर नवे. गोल, पकाच्या कडेसारखे. अंगठा तिला पुरता मिटता येत नव्हता.

“कधीपासून?”

“जानेवारीपासून. पयल्यांदा तं वाटलं कोनी गोटाच मारला. मंग तू फोनवर सांगे ना, आज मॅच हाये, आज मॅच हाये... तवा ध्यानात आलं माह्या.”

“मले काहून नाही सांगितलं?”

“तुनं खेळनं सोडलं असतं,” ती म्हणाली, आणि डाव्या हातानं कापड सरकवायला गेली. कापड सरकलं नाही.

वाशिमला नेलं, अकोल्याला नेलं. शिवणकामाचा ताण, नस दबली, असं दोन्हीकडे सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं, हाताला आणखी मार लागला तर पकड कायमची जाईल. मार कुठून लागतो ते आम्ही कोणाला सांगणार? ताईच्या बाह्या वाकड्या यायला लागल्या होत्या. गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलत नव्हती, पण पुढचं कापड दुसरीकडे टाकत होती.

पुढच्या हिवाळ्यात देशाच्या टीमची निवड मॅच ठरली. मी म्हटलं, जात नाही. ती माझ्यावर कधी नव्हे ती तापली. “माह्या हाताच्यापायी घरी बसतं काय बे? येवढी वर्सं तुले लहानाचा मोठा कायले केला मी? मले वचन दे, मनापासून खेळशील.” मी वचन दिलं. तिच्या डोळ्यांत बघून दिलं.

मॅच दुपारी दोनला होती. पहिला शॉट डावीकडून आला. मोजा आपोआप वर यायला लागला, मी कोपर मांडीला आवळून धरलं. पक जाळीत. पुढचे शॉट छातीवर घेतले, पायावर अडवले, काठीनं ढकलले, एक तर तोंडावरच्या जाळीवर घेतला — पण डावा हात उचलला नाही. समोरच्यांना दहा मिनिटांत कळलं की ही बाजू उघडी आहे. सात गोल गेले, सगळे डावीकडून. मागून आमचेच लोक शिव्या देत होते. मला काही वाटत नव्हतं.

सर जवळ आले. “डर गया क्या?”

“हाँ सर,” मी म्हणालो.

तिथं माझं खेळणं संपलं. आता तीन वर्षं झाली, दलातच स्टोअरला आहे. ताईचा अंगठा निम्मा परत आला, हळूहळू शिवते. माझा तळहात अजून तसाच. विज्ञान शिकवणाऱ्या एका मित्राला सगळं सांगितलं, तो म्हणाला दोन वेगळे आजार आणि योगायोग. असेल. मग चार वेळा मशीन का थांबली, हे मी त्याला विचारलं. तो चहा प्यायला.

त्या संध्याकाळच्या फोनचं मात्र अजून कोणाला सांगितलं नाही. मॅच संपल्यावर मी घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

“पव्या, मी दोन वाजल्यापासून हात उघडून बसली होती. रजईचा कापूस बांधला, वरून पट्टी गुंडायली... म्हटलं येऊ दे किती चकत्या येतात त्या. येकबी नाई आली रे. काहून नाई झेलली?”

“नाही जमलं, ताई.”

ती रडायला लागली. मला एकदम भीती वाटली. विचारलं, “हात दुखून राह्यला काय?”

“नाई रे,” ती म्हणाली. “आज कायीच नाई दुखून राह्यलं.”