दाजींचं अवधाण

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझ्या दाजींपेक्षा आगाऊ माणूस नव्वदच्या दशकात तरी नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान, राहणार पणदरे. डेअरीवर दूध घालायला गेलेला हा गृहस्थ रांगेतल्या माणसांच्या माना आणि काखा चाचपून यायचा. पायाला काटा मोडला की जांघेत जी गाठ फुगते, तिला आमच्याकडे अवधाण म्हणतात. दाजींच्या लेखी जगातली प्रत्येक गाठ अवधाणच. वरकुट्याच्या एका लग्नात त्यांनी वरबापाच्या गालातली सुपारी बाहेरून दाबली आणि गंभीरपणे सांगितलं, "अवधाण हाय. जाईल उतरून." वरबापाने ते तिथंच थुंकलं.

मग आक्काच्याच मानेवर गाठ आली. रबरासारखी घट्ट, अजिबात न दुखणारी. "दुखत न्हाय न्हवं? मग कशाला भ्यायचं?" म्हणत या धन्वंतरीने जखम शोधायला तिचं डोकं फणीने विंचरून काढलं. जखम सापडली नाही, तेव्हा दोष उवांवर गेला. अंगाला खाज सुटायची ती साबणामुळे, ताप यायचा तो उसाला पाणी धरल्यामुळे, आणि आक्का वाळत चालली होती ती म्हणे उपासांमुळे. म्हशीने एक वेळ वैरण सोडली तर बारामतीहून जनावरांचा डॉक्टर आणणारा माणूस हा! मला त्यांची चीड यायची. शेवटी मीच इंदापूरहून जाऊन आक्काला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. दाजी तोंड फुगवून मागं आले.

डॉक्टरांनी अख्खी गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट आल्यावर ते म्हणाले, "लिम्फोमा आहे, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. गाठीची मूळची रचनाच पुसली गेलीय, मोठ्या वेड्यावाकड्या पेशी दिसतायत. ही गाठ दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो." मी दाजींकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. डॉक्टरांनी आक्काला विचारलं, "रात्री घाम येतो?"

"न्हाय बा," आक्का म्हणाली.

"येतो," दाजी म्हणाले. "पाडव्यापासनं येतो. उशी भिजती. हिला झोपंत कळत न्हाय, मी बदलतो. ताप आठवडाभर असतो, जातो, परत येतो. बांगड्या कोपरापतुर सरकत्यात."

बाहेर आल्यावर मी त्यांना धरलंच. "एवढं सगळं दिसत होतं, तर अवधाण अवधाण काय लावलं होतं?"

"पाव्हणं," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी अवधाण म्हणत हुतो, तवर ते अवधाणच हुतं की."

पुण्याच्या औषधांनी आक्का आणखी काही वर्षं आम्हाला मिळाली. आता ती नाही. दाजी कुणाच्या दुखण्यावर चकार शब्द काढत नाहीत. दूध घालतात आणि मुकाट्याने घरी येतात. त्यांनी एकदा तरी माझी मान दाबावी आणि काहीतरी ठोकून द्यावं, असं मला फार वाटतं.