उंबऱ्यावरची पुरचुंडी

विमलबाई नर्स मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती. १९९२ साली त्यांची बदली शिरूर कासारजवळच्या एका वाडीतल्या उपकेंद्रात झाली. दिवाळी सरली की निम्मी वाडी ऊसतोडीला निघून जाई. मागे उरत म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली लेकरं. पुढच्या वर्षीच्या नाताळात बाईंनी अशा पाच घरांसाठी पाच पुरचुंड्या बांधल्या. प्रत्येकीत विणलेली कानटोपी, खारका, शेंगदाण्याचे दोन लाडू. वरून लाल दोरा. उजाडताना त्या उंबऱ्यांवर ठेवल्या आणि कुणाला काही न सांगता लसीकरणासाठी शेजारच्या गावी गेल्या.

दुपारी परतल्या तर पाराजवळ गर्दी. सुभद्राबाईच्या नातीला, प्रणिताला, सकाळपासून थंडी वाजून ताप भरला होता, आणि तिच्या दारात लाल दोऱ्याची पुरचुंडी सापडली होती. करणी, असं कुणीतरी म्हणालं; मग सगळेच म्हणू लागले. चार पुरचुंड्या गावाबाहेर जाळून झाल्या होत्या. नव्या एसटीडी बूथवरून पोरीच्या आईबापाला साखर कारखान्यावर निरोप गेला होता. आता करणी करणारी कोण एवढंच ठरायचं होतं. छबुबाई एकटी राहायची, मूलबाळ नाही, आणि पहाटे शेण गोळा करताना ती त्याच गल्लीत दिसली होती.

विमलबाईंच्या धर्माचं वाडीत दुसरं कुणी नव्हतं. खरं सांगावं तर लोक म्हणतील, बाटवायला आली. त्या मुकाट्यानं आपल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. कुलपाला किल्ली लागेना. मागे दार मोडल्याचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर दोघांनी छबुबाईला दंडाला धरून बाहेर ओढलं होतं. ती ओरडत नव्हती. डोक्यावरचा पदर तेवढा घट्ट धरून होती.

विमलबाई परत फिरल्या. "सोडा तिला. त्या मी ठेवल्यात," त्या म्हणाल्या.

आश्रुबाचा शब्द वाडीत चालायचा. तो पुढं आला. "तुमी? मंग चोरून कावून ठिवल्या?"

बाईंनी वडिलांकडून ऐकलेलं अडखळत सांगितलं. फार पूर्वी निकोलस नावाचा एक धर्मगुरू होता. शेजारच्या गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून त्यानं गुपचूप खिडकीतून मोहरांची पुरचुंडी आत टाकली, एकदा नव्हे, तीनदा. त्यावरून नाताळात भेट द्यायची रीत पडली, असं वडील म्हणायचे.

मग सुभद्राबाई म्हणाली, "देनारा दिसला न्हाई तर मानूस लई भितंय, बाई."

सुभद्राबाईच्या दारातली पाचवी पुरचुंडी पाराजवळ टोपल्याखाली झाकून ठेवली होती. विमलबाईंनी ती सोडली आणि सगळ्यांदेखत त्यातला लाडू खाल्ला. गर्दी हलली नाही. बाई पडतात का, ते पाहत राहिली. मग त्यांनी प्रणिताच्या बोटातून रक्त घेतलं, हिवतापाच्या गोळ्या दिल्या आणि तिच्या उशाशी बसल्या. पोरीला काही झालं तर आपलीही धडगत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

छबुबाई मात्र थांबली नाही. त्याच आठवड्यात ती कडा गावी भावाकडे गेली ती कायमची. पुढं नाताळात बाई भरदुपारी, नाव घेऊन, हातात भेट देऊ लागल्या. एकदा त्या कड्यालाही गेल्या. छबुबाईनं पाणी दिलं, भेट घेतली, आणि तिथंच त्यांच्यासमोर ती उघडून, एकेक वस्तू हातात घेऊन निरखून पाहिली.