फुकट लागणारा नंबर

आमच्या ओळीत शिलाई मशीन दुरुस्त करणारा एकच, त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मी त्याच्या भिंतीला भिंत लावून बसलेला शिंपी. माझी मशीन सारखी अडते आणि तो दर वेळी माझा उद्धार करतो, "तेल घालायला हात दुखतात का रे तुझे?" असा हा तिरसट माणूस, लेकीपुढे मात्र मेणाहून मऊ. बायको गेल्यावर त्यानं पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं. ती लहानपणी एका जागी कधी उभी राहायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे.

भिंगरी मोठी झाली आणि एका एजन्सीमार्फत दूरच्या शहरात गेली, अंथरुणाला खिळलेल्या एका म्हातारीची सेवा करायला. तिथल्या मालकिणीनं ती पोचल्या पोचल्या तिचा मोबाइल काढून घेतला. का, तर कामात लक्ष राहत नाही. असल्या बाईला काय म्हणावं ते मला चांगलं ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बरेच दिवस काही कळेना. मिस्त्रीचा जीव टांगणीला लागला. मग एकदा त्या घरच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या फोनवरून तिला दोन शब्द बोलू दिले. "बाबा, म्हातारीच्या खोलीत फोन आहे, पण त्याला लॉक आहे. फक्त टोल-फ्री नंबर लागतात, ते बँकेबिंकेचे असतात ना, तसले." एवढ्यात तिला आतून हाक आली. ड्रायव्हर अजिजीनं म्हणाला, "काका, आता पुन्हा नाही जमणार. नोकरी जाईल माझी."

मिस्त्री उठून थेट माझ्या दुकानात आला. "मला टोल-फ्री नंबर पाहिजे."

"बँक काढतोस काय?" मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली कात्री खाली ठेवली.

मग आम्ही दोघांनी माझ्या मोबाइलवर कंपन्या पालथ्या घातल्या. साध्या माणसालाही असा नंबर मिळतो, हेच आधी खरं वाटेना. इंटरनेटवर चालणारा फोन घ्यायचा, त्याला स्वतःचा टोल-फ्री नंबर जोडायचा, कोणी फोन केला की खर्च आपल्या बिलात. कुठे शंभर कर्मचाऱ्यांची सोय, कुठे थांबलेल्यांसाठी गाणी, कुठे गोड आवाजातली बाई, विक्रीसाठी एक दाबा म्हणणारी. मिस्त्री वैतागला. "एकुलती एक पोरगी आहे माझी. तिला एक दाब, दोन दाब काय सांगतोस?" शेवटी सगळ्यात स्वस्तातली योजना ठरली. कंपनीचा माणूस म्हणाला, थोडे जास्त भरा, कॉल मोबाइलवरही वळवून देतो. मिस्त्री नको म्हणाला. "मी फोनपासून हलणारच नाही, तर वळवायचा कुठे?" मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

इंटरनेटची तार आमच्या ओळीपर्यंतच आलेली, म्हणून फोन दुकानात बसला. भिंतीवर दोन डब्या, त्यांवर हिरवे दिवे, खाली साधा फोन. मी माझ्या दुकानातून लावून पाहिला. भिंतीपलीकडे घंटी वाजली आणि मिस्त्री अगदी साहेबी थाटात म्हणाला, "बोला." त्यानं ड्रायव्हरला नंबर कळवला. तिनं तो पाठ केल्याचा निरोपही आला.

त्या दिवसापासून मिस्त्रीनं घर सोडल्यातच जमा होतं. जेवण दुकानात, झोप दुकानात. फोनला कोणाला हात लावू देईना. लाइन चालू आहे का, हे बघायलासुद्धा रिसीव्हर उचलायचा नाही. "तेवढ्यात तिचा आला तर?"

पण फोन आला नाही. आले ते चुकीचे. एकाला गॅसची तक्रार करायची होती, एका बाईला विम्याची चौकशी. मिस्त्री त्यांच्यावर खेकसायचा आणि मग दिवसभर माझ्यावर. त्याची दाढी वाढली. सुया नीट बसवेनात. मी समजूत घालायचो, म्हातारीचं दुखणं वाढलं असेल, पोरीला सवड मिळत नसेल. माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता.

पावसाळा संपता संपता ड्रायव्हरचाच फोन आला, मिस्त्रीच्या मोबाइलवर. म्हातारी वारली. घराला कुलूप लागलं. त्याची नोकरी गेली आणि भिंगरीला एजन्सीनं, मोबाइल परत न देताच, दुसऱ्या कुठल्यातरी घरी धाडलं, पत्ता त्याला माहीत नव्हता. "आणि काका, ती तुमचा नंबर लावायची हो. घरातले झोपले की रोज लावायची. सेवा उपलब्ध नाही, एवढंच ऐकू यायचं."

मिस्त्री तडक माझ्याकडे आला. "खोटं बोलतो तो. रात्रभर मी फोनला लागूनच झोपतो."

दिवेलागण झाली होती. मी त्याच्याबरोबर त्याच्या दुकानात गेलो. त्यानं नेहमीसारखं शटर अर्ध्यावर ओढलं आणि मेन स्विच पाडला. मागे कधीतरी दुकानात एका मशीनच्या मोटारीनं पेट घेतला होता. तेव्हापासून मेन पाडल्याशिवाय त्याचा दिवस संपत नसे. भिंतीवरचे हिरवे दिवे विझले.

मी म्हटलं, "मेन पाडलास तर फोन कसा चालेल?"

"फोनला विजेचं काय काम? आमचा जुना फोन अंधारात वाजायचा की."

खरं होतं ते. जुन्या फोनचा करंट तारेतूनच यायचा. मी मोबाइल काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला. सेवा उपलब्ध नाही. मिस्त्रीनं स्वतः मेन चढवला. दिवे लागले, थोड्या वेळानं स्थिर झाले. मी पुन्हा लावला आणि घंटी वाजायला लागली. बंद करायचं मला सुचलं नाही. तो फोनकडे बघत उभा राहिला.

आम्ही एजन्सीत गेलो, तिथे आता चपलांचं दुकान आहे. पोलिसांनी मुलगी सज्ञान आहे म्हणून परत पाठवलं. मिस्त्रीचा मेन आता रात्रंदिवस चालू असतो आणि नंबरही तो सोडत नाही. पण हा नंबर बंद आहे असंच पोरीला माहीत आहे. बंद नंबर कोण कशाला लावेल? हे मी त्याच्यापुढे बोललो नाही, त्याला ते माझ्याआधी कळलेलं होतं.

ड्रायव्हरनं आणखी एक सांगितलं होतं, ते मिस्त्रीनं मला फार उशिरा सांगितलं, माझी मशीन उघडून बसला असताना, मान वर न करता. ड्रायव्हरनं तिला विचारलं होतं, बाबांना फोन करून सांगू का, नंबर लागत नाही म्हणून? ती नको म्हणाली. म्हणाली, "परवडलं नसेल त्यांना. विचारलंस तर लाजतील."

मिस्त्रीनं स्क्रू पिळला, पुन्हा सैल केला.

"परवडत होतं रे मला," तो म्हणाला.