चौथी बाजू

एझ्राकाकांच्या घरात मांजर शिरलं की ते आधी मागचं दार उघडत आणि मगच काठी हातात घेत. "कोंडलेलं मांजर तोंडावर झेप घेतं. तीन बाजू धरायच्या, चौथी सोडायची," असं त्यांचं म्हणणं. मांजर मात्र दुधाचं पातेलं चाटूनपुसून सावकाश चौथ्या बाजूने जायचं.

कोलशेतच्या बैठ्या घरांत त्यांची आमची भिंत एकच होती. ते बेने इस्राएल, म्हणजे आपल्याच कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नोकरी इथल्या कारखान्यात आणि युनियनचे सेक्रेटरी. एकदा संपात त्यांनी पर्सोनेल ऑफिसरला घेराव घातला, पण केबिनचं मागचं दार मोकळं ठेवलं. कामगार भडकले. "काका, दार उघडं ठेवून कसला घेराव?" काका म्हणाले, "आमच्या धर्मशास्त्रात आहे. शहराला वेढा घालायचा तो तीनच बाजूंनी. पळणाऱ्याला वाट ठेवायची. जे शत्रूला द्यायचं, ते साहेबाला द्यायला आपलं काय जातं?"

आतले ऑफिसर म्हणजे कल्याणचे नजीरभाई. ते पळाले तर नाहीतच, उलट आतूनच म्हणाले, "आमच्यात तर याच्याही पुढे आहे. दुश्मनाने आसरा मागितला तर तो द्यायचा, वर त्याला सेफ जागेपर्यंत पोचवून यायचं!" संप मिटला, दोघे रिटायर झाले, कारखान्याच्या जागी टॉवर आले. हे दोघे मात्र दर रविवारी काकांच्या मागच्या दारात बसून युद्धाच्या नियमांवरून भांडत राहिले. शत्रूचंही फळझाड तोडायचं नाही, यावर दोघांचं एकमत. बायका, पोरं, म्हातारी माणसं यांना हात लावायचा नाही, हे नजीरभाई बोटांवर मोजून सांगत. मी चहा नेऊन ठेवायची आणि मनात म्हणायची, तुम्हाला कोण बोलावतंय लढाईला!

बोलावणं आलं ते काकांच्या नातवाला. आवी आमच्या अंगणात रांगलेला, पुढे आईबापांबरोबर इस्राएलला गेलेला. तिकडे युद्ध पेटलं आणि तो सैन्यात गेला. काका टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत. पडलेली घरं, ढिगाऱ्यातून काढलेली पोरं. एकदा नजीरभाई मान खाली घालून म्हणाले, "आमच्यातल्यांनीही हुकूम मोडलेत, एझ्रा. बायकापोरं मारलीत." काका म्हणाले, "माझा नातू आहे रे तिथे. त्याने चौथी बाजू सोडली असेल ना?" त्या दिवसांत मला त्या घरात पाऊल टाकायची भीती वाटायची.

आवी लढाईवरून सुखरूप परतला आणि आजोबांना भेटायला इकडे आला. काकांनी नवसाचा मलिदा केला, गोड पोहे, वर ओलं खोबरं आणि फळं. आवी घरात शिरला तो थेट मागच्या दाराकडे गेला आणि त्याने कडी घातली. मगच बसला. त्या घराची ती कडी लागलेली मी पहिल्यांदाच पाहिली. प्रार्थना झाली, ताटल्या वाटल्या आणि काकांनी विचारलं, "आवी, लोकांना निघायला वाट ठेवली होती ना रे?"

"आजोबा, नको ना."

"हो की नाही, एवढंच सांग."

आवीने हातातली ताटली खाली ठेवली. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला नजीरभाई, पाठीशी भिंत आणि समोर बंद दार. काकांच्या ते एकदम लक्षात आलं असावं. ते उठले आणि त्यांनी कडी काढली. "जा बाळा. सांगवत नसेल तर जा. मी मागे येणार नाही."

आवी अनवाणीच बाहेर पडला. नजीरभाईंनी त्याच्या चपला उचलल्या. "तू बस, एझ्रा. मी त्याला पोचवून येतो."

ते खूप उशिरा, एकटेच परतले. "काही बोलला?" काकांनी विचारलं.

"नाही. खाडीपर्यंत माझा हात धरून चालला. तिथून रिक्षाने गेला."

"म्हणजे वाट नव्हती ठेवली."

नजीरभाई मागच्या दारात जाऊन बसले. काकांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्याच वर्षी ते गेले. आवीला मातीला पोचता आलं नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. आजोबांबद्दल एक शब्द नाही, नुसतं विचारलं, "काकू, मागचं दार उघडं आहे का?"

मी जाऊन पाहिलं. उंबऱ्यावर नजीरभाई बसले होते.

"आहे रे," मी म्हटलं. "ये तू."

तो अजून आलेला नाही.