पाणी न घेणारी पूड

आमच्या कुडपणच्या घरी म्हशी आहेत, आणि आईने आयुष्यात कधी दुधात पाण्याचा थेंब घातलेला नाही. भेसळ करणारा माणूस दारात आला तर ती त्याला पाणीही विचारत नाही. अशा बाईचा मुलगा महाडच्या एमआयडीसीत काय करतो, तर प्लास्टिकमध्ये मिसळायची दगडाची पूड तयार करतो.

पहिल्या सुट्टीत मी हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आई म्हणाली, "म्हंजे भेसळच ना रे?" त्यानंतर मुलगा काय करतो असं कोणी विचारलं, की ती एवढंच सांगायची, "महाडला असतो." मला ते फार लागायचं. रागही यायचा, चोरी करतो का मी?

गेल्या महिन्यात इरेला पेटून दोन पुड्या घरी नेल्या. एकीत साधी पूड, दुसरीत आमच्या मशीनमधून निघालेली. दोन पेल्यांत पाणी घेतलं. साधी पूड टाकताच बुडाली, पाणी दुधाळ झालं. दुसरी वर तरंगत राहिली आणि खाली पाणी नितळ. आईने बोट फिरवून पाहिलं, तरी ती वरच. मी सांगितलं, गरम पुडीत मेणासारखं स्टेअरिक ॲसिड घालून घुसळलं की कणाकणावर पातळ थर बसतो. मग ती पाण्याला जवळ करत नाही, प्लास्टिकमध्ये मात्र छान मिळून जाते आणि वस्तू ताठ होते. गिऱ्हाईक स्वतः मागून घेतं.

"दगडाची आणि प्लास्टिकची सोयरीक जमवतो आम्ही," मी म्हटलं.

आई हसली नाही. "पण मिसळताच ना?" म्हणाली आणि धारा काढायला गेली. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी विषय सोडला.

सकाळी अंगणात हसण्याचा आवाज आला. पाहतो तर उरलेली पूड आईने रांगोळीला घेतलेली! सडा अजून ओला, पण ही पूड ओल्या जमिनीला चिकटेना. वाऱ्याची झुळूक आली की निम्मी रांगोळी कोंबड्यांच्या अंगावर.

शेजारची काकू विचारत होती, "ह्ये काय गो, रांगोळी हाय का पीठ?"

आता माझी शोभा होणार म्हणून मी दारातच थांबलो.

आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "रांगोळी नाय ती. माझ्या पोराच्या कारखान्यातली पूड हाय, प्लास्टिक घट्ट करायची. पाणी घालून बघ, घेणार नाय. आमच्या घरची हाय ती."